विश्लेषण : शस्त्रक्रिया यशस्वी, तरी डोळे का खुपतात?

मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली, पट्टी निघाली, समोरच्या भिंतीवरच्या कॅलेंडरवरील तारखा लख्ख दिसू लागल्या. पंधरा दिवस आनंदात जातात. मग तक्रारी सुरू होतात. डोळ्यात कचरा गेल्यासारखे खुपते, सकाळी चुरचुरते, टीव्ही पाहताना मध्येच धूसर होते आणि पापणी मिटून उघडली की पुन्हा स्पष्ट दिसते, दुचाकीवर वारा लागला की घळाघळा पाणी येते. फेरतपासणीत डॉक्टर सांगतात, ‘ऑपरेशन उत्तम झाले आहे, भिंग जागेवर आहे.’ रुग्णाला वाटते डॉक्टर काहीतरी लपवत आहेत, डॉक्टरांना वाटते रुग्ण उगाच घाबरला आहे. बहुतेक वेळा दोघांचेही म्हणणे खरे असते. शस्त्रक्रिया डोळ्याच्या आत झालेली असते आणि ती यशस्वी असते. बिघडलेला असतो तो डोळ्याचा पृष्ठभाग आणि त्यावर पसरलेला अश्रूंचा थर. मोतीबिंदूच्या बहुतांश रुग्णांत हा बिघाड काही आठवड्यांत किंवा महिन्यांत भरून येतो. काचबिंदूच्या रुग्णांत मात्र तो वर्षानुवर्षे साचत जातो. तिथे प्रश्न नुसत्या चुरचुरण्याचा राहत नाही, उरलेली नजर टिकवण्याचा होतो.

अश्रूपटल म्हणजे काय?

रडताना गालावरून ओघळणारे पाणी वेगळे आणि डोळ्यावर कायम पसरलेले अश्रूपटल वेगळे. हे पटल जेमतेम तीन मायक्रोमीटर जाडीचे असते, म्हणजे डोक्यावरच्या केसाच्या साधारण विसाव्या भागाइतके. त्यात सर्वांत वर तेलाचा थर असतो. पापण्यांच्या कडेला ओळीने असलेल्या मायबोमियन ग्रंथींतून हे तेल झिरपते आणि खालचे पाणी उडून जाऊ देत नाही. मध्ये अश्रुग्रंथींचे पाणी, त्यात क्षार, प्रथिने आणि जंतूंना रोखणारी द्रव्ये. तळाशी म्युसिन नावाचा बुळबुळीत पदार्थ. डोळ्याच्या पांढऱ्या भागावर जो पातळ पारदर्शक पापुद्रा असतो, त्यातल्या गॉब्लेट पेशी हे म्युसिन तयार करतात. म्युसिन कमी पडले की अळवाच्या पानावर पाणी जसे पसरत नाही, गोळा होते, तशी अश्रूंची गत होते.

प्रकाश डोळ्यात शिरताना सर्वांत आधी भेटतो तो या पटलाला. डोळ्याची प्रकाश एकवटण्याची जी ताकद आहे, तिच्यातला सुमारे दोन तृतीयांश वाटा पारपटलाचा, म्हणजे बुबुळावरच्या पारदर्शक काचेचा. ही काच गुळगुळीत ठेवण्याचे काम अश्रूपटल करते. पटल फाटले की काच ओरखडे पडल्यासारखी होते, पापणी मिटली की पुन्हा सारवली जाते. मघाशी सांगितलेले धूसर-स्पष्ट-धूसर दिसणे ते हेच. अशा वेळी चष्म्याचा नंबर बदलून काही उपयोग नसतो.

यातली सर्वांत कमी ठाऊक असलेली बाजू नसांची आहे. पारपटलात संवेदना देणाऱ्या नसांचे जाळे शरीरातल्या इतर कोणत्याही भागापेक्षा दाट असते. पृष्ठभाग जरा सुकला की या नसा मेंदूला कळवतात, मेंदू अश्रुग्रंथींना आणि पापण्यांना कामाला लावतो. हे चक्र कुठेही तुटले की डोळा कोरडा पडतो. कोरड्या डोळ्यातून पाणी का येते, हा हमखास विचारला जाणारा प्रश्न. उत्तर असे, की पृष्ठभाग चिडल्यावर मेंदू एकदम भरमसाट पाणी सोडतो. त्यात तेल आणि म्युसिन पुरेसे नसल्याने ते टिकत नाही, गालावर ओघळते. डोळा तहानलेलाच राहतो.

मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेत काय होते?

अमेरिकी नेत्रतज्ज्ञ चार्ल्स केल्मन यांनी १९६७ मध्ये ध्वनिलहरींनी मोतीबिंदू फोडून शोषून घेण्याची फेको पद्धत आणली. आता तिच्यासाठी दोन ते तीन मिलिमीटरचा छेद पुरतो. आपल्याकडे शिबिरांत आणि सरकारी रुग्णालयांत मोठ्या प्रमाणावर होणाऱ्या, बिनटाक्याच्या लघुछेद शस्त्रक्रियेत हाच छेद सहा-सात मिलिमीटरचा असतो. छेद कितीही छोटा असला, तरी तो पारपटलाच्या कडेजवळून जातो आणि नसा डोळ्यात शिरतात त्याही तिथूनच. काही नसा कापल्या जाणे अटळ आहे. त्या भागाची संवेदना मंदावते, अश्रूंचे चक्र ढिले पडते. स्कॉटलंडमधील संशोधकांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात फेकोनंतर अश्रूंचे कार्य महिन्याभरात पूर्ववत झाल्याचे दिसले, पारपटलाची संवेदना परतायला मात्र तीन महिने लागले.

छेद हा एकच धक्का नाही. शस्त्रक्रियेआधी डोळा पाच टक्के पोव्हिडोन आयोडिनने धुतला जातो. डोळ्याच्या आत जंतुसंसर्ग होऊ नये यासाठी हा उपाय अत्यावश्यक आहे, त्यावर तडजोड नाही, पण पृष्ठभागाच्या पेशींना ते झोंबते. त्यात भूल देणारे थेंब, पापण्या उघड्या धरणारा चिमटा, सूक्ष्मदर्शकाचा प्रखर प्रकाश. त्यानंतर चार ते सहा आठवडे प्रतिजैविक, स्टिरॉइड आणि बऱ्याचदा वेदनाशामक गटातले थेंब, सुरुवातीला दिवसातून सहा-सहा वेळा. यातल्या बहुतेक बाटल्यांत औषध टिकण्यासाठी प्रिझर्व्हेटिव्ह असते आणि ते पृष्ठभागाला मानवत नाही. गॉब्लेट पेशींची संख्या शस्त्रक्रियेनंतर घटते आणि शस्त्रक्रिया जितकी लांबते तितकी ती जास्त घटते, असे कोरियातल्या अभ्यासात आढळले आहे.

संधिवात किंवा श्योग्रेन आजारामुळे ज्यांचे डोळे मुळातच फार कोरडे असतात, त्यांच्यासाठी वेदनाशामक थेंब विशेष जोखमीचे. अशा डोळ्यांत क्वचित पारपटल विरघळत जाण्यापर्यंत मजल जाते. म्हणून सांधेदुखीची गोळी चालू आहे ही गोष्ट डोळ्याच्या डॉक्टरांना सांगायलाच हवी. ‘डोळ्याचा आणि गुडघ्याचा काय संबंध’ म्हणून ती अनेकदा सांगितली जात नाही.

किती जणांना हा त्रास होतो? आधी कोरडेपणा नसलेल्या साधारण ३७ टक्के रुग्णांत मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर तो उद्भवला, असा अंदाज २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अनेक अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणातून निघाला. बहुतेकांचा त्रास काही महिन्यांत ओसरतो. थोड्या जणांचा टिकून राहतो आणि त्यात एक चकवणारा गट असतो : तपासणीत पृष्ठभाग ठीकठाक, पण रुग्णाला आग, टोचणी असह्य. इथे दोष अश्रूंत कमी आणि नव्याने जुळलेल्या नसांत जास्त असतो. असा रुग्ण ‘मनाचे खेळ’ म्हणून परत पाठवला जातो, हे चुकीचे आहे. नसांच्या वेदनेचा उपचार वेगळा असतो, तिथे कृत्रिम अश्रूंच्या बाटल्या बदलत राहून काही साधत नाही.

कोरडेपणा आधीचा की नंतरचा?

‘ऑपरेशनआधी मला काहीच त्रास नव्हता’ हे वाक्य प्रामाणिक असते, पण पुरेसे नसते. अमेरिकेत मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेसाठी आलेल्या १३६ जणांची आधीच तपासणी झाली. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात ७७ टक्के डोळ्यांच्या पारपटलावर रंगद्रव्याचे डाग उमटले, म्हणजे पृष्ठभागाला इजा होती. कोरडेपणाचे निदान पूर्वी झालेले होते ते जेमतेम २२ टक्क्यांचे. वय, रजोनिवृत्ती, मधुमेह, काही रक्तदाबाच्या आणि झोपेच्या गोळ्या, चुलीचा धूर, तासन्‌तास मोबाइल ही सगळी कारणे साठीच्या माणसात आधीच जमा झालेली असतात. मधुमेहात तर पारपटलाची संवेदनाच बोथट असते, त्यामुळे कोरडेपणा असून जाणवत नाही. शस्त्रक्रिया या काठावर उभ्या डोळ्याला पलीकडे ढकलते.

याचा दुसरा परिणाम खिशाला लागणारा आहे. डोळ्यात कोणत्या नंबरचे भिंग बसवायचे हे ठरवताना पारपटलाची वक्रता मोजतात. मशीन मोजते ते अश्रूपटलावरून परतणारे प्रतिबिंब. पटल फाटके असेल तर आज एक आकडा येतो, पुढच्या आठवड्यात दुसरा. वक्रतेत एका डायॉप्टरची चूक झाली तर भिंगाच्या नंबरात जवळपास तेवढीच चूक होते. लांबचे-जवळचे दोन्ही दाखवणारी किंवा तिरपा नंबर घालवणारी महागडी भिंगे तर अशा चुकीला आणखी संवेदनशील. अमेरिकेतील मोतीबिंदू शल्यविशारदांच्या संघटनेने २०१९ मध्ये शस्त्रक्रियेआधी पृष्ठभागाच्या तपासणीची पायऱ्यापायऱ्यांची पद्धत प्रसिद्ध केली आणि पृष्ठभाग सुधारेपर्यंत मोजमाप व शस्त्रक्रिया पुढे ढकलण्याची शिफारस केली. मोतीबिंदू पिकून फुगलेला नसेल तर तीन-चार आठवडे थांबल्याने सहसा काही बिघडत नाही. महागडे भिंग निवडायला सांगणाऱ्या समुपदेशकाने आधी या तपासणीचा उल्लेख केला नसेल, तर रुग्णाने तो करावा.

तपासणी खर्चिकही नाही. फ्लुरोसिन रंगाची कागदी पट्टी डोळ्याला टेकवायची, निळ्या प्रकाशात पटल किती सेकंदांत फाटते ते पाहायचे. दहा सेकंदांच्या आत फाटले तर संशय घ्यायचा. खालच्या पापणीत अडकवायची शर्मर चाचणीची पट्टी जर्मन डॉक्टर ओटो शर्मर यांनी १९०३ मध्ये सांगितली. पाच मिनिटांत पाच मिलिमीटरही ओली झाली नाही तर डोळा चांगलाच कोरडा. सव्वाशे वर्षांच्या जवळ आलेली ही चाचणी गर्दीच्या बाह्यरुग्ण विभागात आजही मागे पडते, कारण पाच मिनिटे कोणाकडे नसतात.

काचबिंदूत गणित वेगळे का?

मोतीबिंदूने गेलेली नजर परत मिळते, काचबिंदूने गेलेली नाही. काचबिंदूत डोळ्याच्या दाबामुळे दृष्टीची नस हळूहळू मरते आणि सध्याचा प्रत्येक उपचार हा दाब कमी करण्यापुरता आहे. भारतात चाळिशीपुढच्या सुमारे १ कोटी १२ लाख लोकांना काचबिंदू असावा असा अंदाज २०१० मध्ये मांडला गेला. यांतल्या ज्यांचे निदान होते, त्यांच्यातील बहुतेकांच्या हाती डोळ्यात घालायच्या थेंबांची बाटली येते, तीही जन्मभरासाठी.

या बाटल्यांत सर्वाधिक वापरले जाणारे प्रिझर्व्हेटिव्ह म्हणजे बेन्झाल्कोनियम क्लोराइड. स्वभावाने ते साबणासारखे आहे. जंतूंचे कवच फोडते म्हणून बाटलीत जंतू वाढत नाहीत, पण अश्रूपटलातले तेलही तेच फोडते, गॉब्लेट पेशी मारते, पांढऱ्या पापुद्र्यात मंद दाह पेटता ठेवते. महिनाभराच्या कोर्समध्ये हे खपून जाते. काचबिंदूच्या रुग्णाला दोन औषधांचे मिळून दिवसाला तीन थेंब पडत असतील, तर वर्षाला हजाराहून अधिक वेळा हे रसायन त्याच डोळ्यात जाते. दहा वर्षांत दहा हजार वेळा. अमेरिकेत १०१ काचबिंदू रुग्णांच्या २००८ मधल्या अभ्यासात ५९ टक्के जणांना किमान एका डोळ्यात कोरडेपणाची लक्षणे होती आणि बेन्झाल्कोनियम असलेल्या प्रत्येक वाढीव औषधागणिक पृष्ठभागाला इजा दिसण्याची शक्यता सुमारे दुप्पट होत होती.

दोष सगळा प्रिझर्व्हेटिव्हचा नाही. टिमोलॉलने पारपटलाची संवेदना कमी होते, ब्रिमोनिडिनची ॲलर्जी कित्येकदा वर्षभराने उपटते, डोर्झोलामाइड आम्लधर्मी असल्याने झोंबते, रात्री घालायच्या प्रोस्टाग्लँडिन गटातल्या थेंबांनी डोळे लाल होतात आणि पापण्यांच्या तेलग्रंथी बिघडतात. एवढे सगळे सोसूनही रुग्णाला ‘आज बरे वाटले’ असे कधी वाटत नाही, कारण काचबिंदूचा औषधाने होणारा फायदा जाणवतच नाही. जाणवते ती फक्त जळजळ.

थेंबांनंतर शस्त्रक्रिया आणि तिथे जुना हिशेब

औषधाने दाब आवरला नाही तर शस्त्रक्रिया येते. सर्वांत रुळलेली म्हणजे ट्रॅबेक्युलेक्टमी. केंब्रिजचे जॉन केर्न्स यांनी ती १९६८ मध्ये मांडली. डोळ्याच्या पांढऱ्या भिंतीत झाकणासारखा छोटा दरवाजा करून आतला द्रव बाहेर, पांढऱ्या पापुद्र्याखाली झिरपू देतात. वरच्या पापणीच्या आडोशाला पाण्याचा लहानसा फुगवटा तयार होतो, त्याला ब्लेब म्हणतात. संपूर्ण शस्त्रक्रियेचे यश या फुगवट्यावर, म्हणजे त्या पातळ पापुद्र्याच्या तब्येतीवर टेकलेले असते.

आणि तोच पापुद्रा वर्षानुवर्षे थेंबांनी भाजलेला असतो. दाह असलेल्या पापुद्र्याला जखम केली की तो जोमाने भरून येतो. एरवी जखम भरणे चांगले, इथे मात्र ती भरली की पाण्याची वाट बुजते आणि दाब पुन्हा चढतो. लंडनच्या मूरफील्ड्स नेत्ररुग्णालयातील संशोधकांनी १९९४ मध्येच दाखवून दिले, की अनेक थेंब दीर्घकाळ वापरलेल्या रुग्णांत ही शस्त्रक्रिया अधिक वेळा अपयशी ठरते. कॅनडात १२८ रुग्णांच्या २०१३ मधील अभ्यासात शस्त्रक्रियेआधी दररोज जितके जास्त बेन्झाल्कोनियम, तितके अपयश लवकर, असे आढळले. थोडक्यात, चुरचुरणारा लाल डोळा ही सौंदर्याची किंवा सोयीची तक्रार नव्हे. पुढच्या शस्त्रक्रियेची जमीन तिथे नापीक होत असते. काचबिंदूच्या बाह्यरुग्ण विभागात दाबाच्या आकड्याइतकेच लक्ष पृष्ठभागाकडे द्यायला हवे ते यासाठी.

जखम बुजू नये म्हणून शस्त्रक्रियेत मायटोमायसिन हे मूळचे कर्करोगावरचे औषध काही मिनिटे लावतात. त्याने यश वाढते, पण तिथल्या गॉब्लेट पेशी आणि पारपटलाच्या कडेच्या मूळपेशीही घटतात. फुगवटा उंच असेल तर पापणी त्याच्यावरून सपाट फिरत नाही. रंगारी जसा भिंतीच्या उंचवट्याशेजारची खोलगट जागा कोरडी सोडतो, तसा फुगवट्यालगतचा पारपटलाचा भाग अश्रूंविना राहतो आणि तिथे खड्डा पडतो. व्हिएन्नाचे एर्न्स्ट फुक्स यांनी १९११ मध्येच या खड्ड्यांचे वर्णन केले होते. अशा रुग्णाला प्रत्येक वेळी पापणी मिटताना काहीतरी आड येत असल्यासारखे वाटते. पाणी झिरपवण्यासाठी नळी बसवण्याचा पर्यायही आहे. मदुराईच्या ऑरोलॅबने २०१३ पासून तुलनेने स्वस्त उपकरण उपलब्ध केल्याने तो भारतात आवाक्यात आला. त्यातही पापुद्र्याखाली परके उपकरण राहते आणि पृष्ठभागाची काळजी टळत नाही.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. शस्त्रक्रिया जमली आणि थेंब बंद झाले, तर अनेक रुग्णांचा पृष्ठभाग आधीपेक्षा सुधारतो.

काचबिंदूची शस्त्रक्रिया पुढे मोतीबिंदूही लवकर आणते. अमेरिकेतील मोठ्या चाचणीत ट्रॅबेक्युलेक्टमीनंतर पाच वर्षांत मोतीबिंदूचा धोका ७८ टक्क्यांनी वाढलेला दिसला. म्हणजे त्याच डोळ्यावर पुन्हा छेद, पुन्हा थेंबांचा नवा कोर्स आणि त्यातून होणाऱ्या दाहाने आधीचा फुगवटा बंद पडण्याची भीती. दोन्ही आजार एकत्र असलेल्या रुग्णात कोणती शस्त्रक्रिया आधी, की दोन्ही एकदम, हा निर्णय म्हणूनच घाईचा नसावा.

चुरचुरते म्हणून औषध बंद केले तर?

इथे खरा धोका आहे आणि तो दोन्ही बाजूंनी येतो. पहिला : थेंब झोंबतात, फायदा जाणवत नाही, बाटलीला दर महिन्याला पैसे लागतात. रुग्ण एक दिवस घालतो, दोन दिवस विसरतो, मग सोडून देतो. डोळे पांढरे होतात, बरे वाटते. दाब मात्र गुपचूप चढतो. काचबिंदू कडेची नजर आधी खातो, त्यामुळे वाचताना काही कळत नाही. कळते तेव्हा रस्ता ओलांडताना बाजूने आलेली रिक्षा दिसेनाशी झालेली असते.

दुसरा धोका मोतीबिंदूच्या जुन्या चिठ्ठीचा. शस्त्रक्रियेनंतर दिलेल्या स्टिरॉइड थेंबांनी डोळा शांत झाला होता हे लक्षात असते. सहा महिन्यांनी पुन्हा खुपू लागले, की घरातले कोणी तीच बाटली औषधाच्या दुकानातून आणते. दोन दिवसांत लाली जाते, मग ती बाटली घरात कायमची राहते. स्टिरॉइडने काही जणांच्या डोळ्यांचा दाब वाढतो, आणि ज्याला काचबिंदू आहे किंवा घरात कोणाला होता, त्याच्यात ही शक्यता अधिक. कोरडेपणावर घेतलेल्या औषधाने काचबिंदू होणे, ही शोकांतिका नेत्रतज्ज्ञांना नवी नाही. अशा बाटल्या चिठ्ठीशिवाय मिळू नयेत असा नियम आहे. तो काउंटरवर किती पाळला जातो, हे वाचकांना वेगळे सांगायला नको.

मग पर्याय काय?

पहिला पर्याय प्रिझर्व्हेटिव्ह नसलेल्या थेंबांचा. एकदा वापरून फेकायच्या कुप्यांत किंवा जंतू आत जाऊ न देणाऱ्या खास बाटल्यांत ते मिळतात. किंमत जास्त, आणि सगळी औषधे या रूपात सगळीकडे मिळत नाहीत. दुसरा सोपा उपाय म्हणजे दोन औषधे एकाच बाटलीत असलेले मिश्रण : तेवढाच परिणाम, पण रसायनाचा मारा निम्मा. वीस-पंचवीस रुपये वाचवण्यासाठी दोन वेगळ्या बाटल्या घेणे दीर्घकाळात महाग पडू शकते.

सर्वांत मोठा बदल लेसरबाबत झाला आहे. डोळ्यातल्या पाण्याच्या नैसर्गिक चाळणीवर काही मिनिटांचा सौम्य लेसर देऊन दाब कमी करता येतो. ब्रिटनमध्ये ७१८ नवीन रुग्णांवर झालेल्या ‘लाइट’ चाचणीचे निष्कर्ष २०१९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आले. आधी लेसर दिलेल्यांपैकी ७४ टक्के रुग्णांना तीन वर्षे एकही थेंब न घालता दाब आटोक्यात ठेवता आला. सहा वर्षांनी पाहिले तर थेंबांनी सुरुवात केलेल्या गटात ३२ डोळ्यांवर ट्रॅबेक्युलेक्टमी करावी लागली होती, लेसर गटात १३. ब्रिटनच्या आरोग्य मार्गदर्शक संस्थेने २०२२ मध्ये अशा नव्या रुग्णांना आधी लेसर देऊ करा, अशी शिफारस केली. पृष्ठभागाच्या दृष्टीने याचा अर्थ सरळ आहे : जे रसायन डोळ्यात पडलेच नाही, ते इजा करत नाही.

लेसरचा परिणाम काही वर्षांनी ओसरू शकतो. तो उघड्या कोनाच्या काचबिंदूसाठी आहे, आणि आशियाई लोकांत बंद कोनाचा काचबिंदू युरोपीयांपेक्षा बराच जास्त आढळतो. अशा रुग्णांसाठी २०१६ च्या ‘ईगल’ चाचणीने वेगळी वाट दाखवली. ४१९ रुग्णांच्या या चाचणीत डोळ्यातले नैसर्गिक भिंग आधीच काढून कृत्रिम बसवणे हे लेसर आणि थेंबांच्या रूढ उपचारापेक्षा सरस ठरले. फुगलेले भिंग निघाल्याने कोन उघडतो, दाब उतरतो आणि थेंब कमी लागतात. सर्वांना ती लागू नाही, पन्नाशी ओलांडलेल्यांत आणि दाब बराच असलेल्यांत तिचा विचार होतो.

घरी काय करावे, काय टाळावे?

डोळ्याच्या कप्प्यात एका वेळी साधारण ३० मायक्रोलिटर द्रव मावतो. बाटलीतून पडणारा एकच थेंब तीस ते पन्नास मायक्रोलिटरचा असतो. म्हणजे दुसरा थेंब ‘खात्रीसाठी’ घालणे म्हणजे तो गालावर सांडणे. थेंब घातल्यावर डोळा हळुवार मिटून नाकाशेजारचा कोपरा एक-दोन मिनिटे बोटाने दाबून धरावा, दोन औषधांत किमान पाच मिनिटे अंतर ठेवावे आणि कृत्रिम अश्रू सर्वांत शेवटी घालावेत. कृत्रिम अश्रू दिवसातून चारपेक्षा जास्त वेळा लागत असतील तर प्रिझर्व्हेटिव्ह नसलेले मागावेत, नाहीतर एका दाराने आग विझवून दुसऱ्या दाराने काडी लावल्यासारखे होते. पापण्यांना कोमट शेक देण्याने तेलग्रंथी मोकळ्या होतात. पण ताज्या शस्त्रक्रियेत आणि ब्लेब असलेल्या डोळ्यावर डॉक्टरांना विचारल्याशिवाय शेक, दाब, चोळणे काहीही नको.

गुलाबपाणी, मध, एरंडेल यांपैकी काहीही शस्त्रक्रिया झालेल्या डोळ्यात घालू नये. मासळीच्या तेलाच्या गोळ्या ‘डोळ्याच्या ओलाव्यासाठी’ म्हणून हजारो रुपयांना खपतात. २०१८ मधील अमेरिकी चाचणीत रोज तीन ग्रॅम ओमेगा-३ वर्षभर घेऊनही ऑलिव्ह तेलाच्या गोळीपेक्षा कोरडेपणात जास्त फरक पडला नाही.

आणि जे कोरडेपणा म्हणून दुर्लक्षित करायचे नाही ते : शस्त्रक्रियेनंतरच्या दिवसांत वाढत जाणारी वेदना, नजर अचानक कमी होणे, डोळा लालभडक होणे. ही आतल्या जंतुसंसर्गाची लक्षणे असू शकतात, त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. ब्लेब असलेल्यांना हा नियम जन्मभर लागू. शस्त्रक्रियेला दहा वर्षे झाली असली, तरी डोळा लाल झाला, चिकट स्राव आला, उजेड सहन होईना, तर दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नये.

सरकारी हिशेबात हे का दिसत नाही?

राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रम १९७६ पासून चालू आहे. २०२२ मध्ये राष्ट्रीय नेत्रज्योती अभियानाने तीन वर्षांत २ कोटी ७० लाख मोतीबिंदू शस्त्रक्रियांचे लक्ष्य ठेवले. २०१५-१९ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात पन्नाशीपुढच्या अंधत्वापैकी ६६.२ टक्के मोतीबिंदूमुळे असल्याचे दिसले होते, त्यामुळे संख्येवरचा भर समजण्यासारखा आहे. त्याच सर्वेक्षणात मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेतील गुंतागुंत हे ७.२ टक्के आणि काचबिंदू हे ५.५ टक्के अंधत्वाचे कारण होते. या कार्यक्रमाचे मोजमाप मुख्यतः किती शस्त्रक्रिया झाल्या आणि तक्त्यावरची कितवी ओळ वाचता आली, या दोन गोष्टींचे. तक्ता वाचताना रुग्ण डोळे मिचकावून पटल सारवून घेतो आणि ओळ वाचून टाकतो. दोन तास पोथी वाचताना किंवा शिलाई मशीनवर बसल्यावर काय होते, ते तक्त्यात येत नाही.

नेत्रशिबिरातून आलेल्या रुग्णाची फेरतपासणी साधारणतः दुसऱ्या दिवशी, आठवड्याने आणि चार-सहा आठवड्यांनी होते. शेवटच्या भेटीत चष्म्याचा नंबर काढला जातो आणि कार्ड बंद होते. पारपटलाच्या नसांची संवेदना परतायला मात्र तीन महिने लागतात. त्यामुळे ज्याचा त्रास टिकतो, तो कार्ड बंद झाल्यानंतर तालुक्याच्या औषध दुकानात उभा असतो आणि काउंटरवर लाल डोळ्याचे थेंब मागत असतो.